झापडांखालचा ओटा

दुकानातल्या नव्या ओट्याला पहिल्यांदा टेकले ते दाताचे डॉक्टर, आणि टेकले ते थेट जमिनीवर. याचे कारण ओटा तिथे नव्हता. तो डॉक्टरांच्या डोळ्यांवर बांधलेल्या चष्म्यात होता. काळा दगड, खाली सहा ड्रॉवर, वर दिव्यांची रांग, सगळे इतके हुबेहूब की कोणाही शहाण्या माणसाला कोपर टेकावेसे वाटावे. डॉक्टर शहाणे होते, त्यांनी कोपर टेकले. पडता पडता त्यांनी आधाराला जो नळ धरला, तोही चष्म्यातलाच होता.

डॉक्टर उठून बसले. चष्मा काढला, जिभेने पुढचा दात चाचपला आणि गंभीरपणे म्हणाले, "गेला."

"कोण गेलं?" दुकान चालवणाऱ्या दोन भावांपैकी धाकट्याने घाबरून विचारले.

"अर्धाच गेलाय. पण मला माझा स्वतःचा करता येत नाही हो. आता त्या पलीकडच्या गल्लीतल्याकडे तोंड उघडून बसावं लागणार."

पलीकडच्या गल्लीतला म्हणजे दुसरा दाताचा डॉक्टर. या दोघांचे गेली नऊ वर्षे बोलणे नव्हते. डॉक्टर रुमाल तोंडाला लावून निघून गेले, आणि मागच्या दाराच्या फटीतून हे सगळे पाहणारे थोरले परत आपल्या कामाला लागले. "मी म्हणत नव्हतो?" हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आले होते. पण पडलेल्या माणसासमोर ते म्हणू नये, अशी वडिलांची शिकवण होती.

स्वयंपाकघरे बांधून देणाऱ्या त्या दुकानाचे दोन भाग होते. पुढे काचा, दिवे आणि धाकटा. मागे भुसा, सरसाचा वास आणि थोरले. मागच्या भागात मधोमध कामाचा बाक होता, आठ फुटी, वडिलांनी स्वतःच्या लग्नाआधी केलेला. "आईच्या आधी हा घरात आला," असे वडील म्हणत, आणि आई ते ऐकून घेत असे. बाकाच्या डाव्या टोकाला तळहाताएवढी जागा झिजून खोलगट झाली होती. आधी तिथे वडिलांचा हात असे, मग थोरल्यांचा आला. तिथे हात टेकला नाही तर थोरल्यांना शब्द सापडत नसत. त्यामुळे काही महत्त्वाचे बोलायचे असले की धाकटाच मागे येई.

चष्मा आला त्या दिवशीही तोच मागे आला होता. पांढऱ्या पेटीतून त्याने ती वस्तू जपून, दोन्ही हातांनी बाहेर काढली.

"दादा, हा व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट."

थोरल्यांनी ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. पट्टे पाहिले, डोळ्यांवर येणारा भाग पाहिला. "झापडं आहेत ही. घोड्याला बांधतात तशी. केवढ्याला पडली?"

"किंमत बघू नकोस, दादा. भविष्य बघ."

"भविष्य बघायला पैसे घेतात हे माहीत होतं. एवढे घेतात हे नव्हतं."

धाकट्याने मग सगळे समजावून सांगितले. लोकांना आता कागदावरची चित्रे नकोत. झापडे घालायची, आपल्याच घरातले होणारे स्वयंपाकघर आधी डोळ्यांनी बघायचे, आत हिंडायचे आणि ऑर्डर द्यायची. कपाटे फॅक्टरीतून तयार येणार. मग मागे करवत चालवायची गरज नाही. मागची जागा मोकळी होईल, तिथे अनुभव कक्ष करता येईल.

"कसला कक्ष?"

"अनुभव."

"इतकी वर्षं मी मागे काय घेतोय मग?" थोरल्यांनी विचारले. मग त्यांनी खरे विचारायचे ते विचारले. "आणि बाक?"

धाकटा खाली भुशाकडे पाहत राहिला. "बाक तुझ्या घरी नेऊ."

थोरल्यांचे घर दोन खोल्यांचे. त्यात आठ फुटी बाक ठेवायचा तर नवराबायकोंपैकी एकाला बाहेर ठेवावे लागले असते. कोणाला, ते वहिनींनी त्याच दिवशी सांगून टाकले.

शेवटी असे ठरले की तीन महिने वाट पाहायची. झापडांमुळे दहा ऑर्डरी आल्या तर चालले असे समजायचे आणि मागचा कारखाना हलवायचा. दहा नाही आल्या तर धाकटा झापडे परत करील, आणि मागच्या जागेचे पुन्हा नाव काढणार नाही.

"शब्द?" थोरले म्हणाले.

"शब्द."

त्या घरात शब्द दिला की त्यावर वडिलांनीच सही केली असे मानत. "चालायचं नाही हे," थोरले जाता जाता म्हणाले. "चालणार," धाकटा म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर पडले.

त्यानंतर धाकट्याने एक पाटी लावली, 'कृपया कशालाही टेकू नये.' पाटी ठळक होती, पण झापडे घातल्यावर ती कोणाला दिसत नसे. एका वकीलसाहेबांनी हातातला चहाचा कप काळ्या दगडावर ठेवला. कप फुटल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, दुसरा कप घेतला आणि बोलण्याच्या भरात तोही तिथेच ठेवला. वकीलसाहेबांची ऑर्डर आली नाही, उलट कपड्यांवर पडलेल्या डागाबद्दल त्यांचे सविस्तर पत्र आले. तीन आठवड्यांत सहा कपांचे दोन राहिले, तेव्हा वहिनी स्वतः दुकानात आल्या.

"भाऊजी, तुमच्या त्या झापडांत ओटा आहे, नळ आहे, सगळं आहे म्हणता. मग कपही तिथलेच आणा की."

"वहिनी, लोकांना सवय नाही अजून. सवय झाली की टेकणार नाहीत."

"माणूस ओट्याला टेकायचं सोडून देईल? उभ्या जन्मात नाही."

तोवर एकही ऑर्डर आली नव्हती. थोरल्यांच्या मनात या काळात काय होते, ते सांगायचे तर त्यांना आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. कोणी धडपडले की बाक आणखी एक दिवस जागेवर राही. फटीतून पाहताना ते स्वतःलाच दटावत, आणि पुन्हा पाहत.

मग एके दिवशी एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या. झापडे आईनेही घातली. आईला स्वयंपाकघर फार आवडले. "अगंबाई, बसायला स्टूलसुद्धा ठेवलंय," असे म्हणून ती बसायला निघाली. धाकटा दुसऱ्या बाजूला होता. थोरले फटीतून पाहत होते, ते दार ढकलून धावले आणि म्हातारीला खाली जाता जाता काखेत हात घालून धरले. तिला काहीच कळले नाही. ती थोरल्यांच्या गुडघ्यावर टेकून म्हणाली, "स्टूल जरा कडक आहे हो."

त्या दिवशी थोरले काम अर्धवट टाकून दुपारीच घरी आले. "अहो, झालं काय?" वहिनींनी विचारले.

"माझा बाक जायचा तर जाऊ दे. पण माझ्या दुकानात म्हातारीचं माकडहाड मोडायला नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या लाकडाचा ओटा करायला घेतला. चष्म्यात ओटा जिथे दिसतो, अगदी तिथे खरा लाकडी ओटा उभा करायचा, म्हणजे माणूस टेकला तर टेकेल तरी. बाजूला एक स्टूलही.

"ओटा केलात की कोणी पडणार नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पडणार नाही म्हणजे ऑर्डरी येतील. ऑर्डरी आल्या की बाक जाईल. स्वतःच्या हातांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"धोंडा कुठे? लाकूड आहे," थोरले म्हणाले आणि रंधा मारायला लागले.

चष्म्यातला ओटा आणि लाकडाचा ओटा एकावर एक बसवायला दोघे भाऊ दोन दिवस झटले. धाकटा मिलिमीटरमध्ये बोले, थोरले सुतात ऐकत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याहून बारीक फरक देवाने माणसाच्या डोळ्याला दिसू दिलेला नाही, असे थोरल्यांचे मत होते. धाकटा झापडे घालून ओरडे, "डावीकडे! अजून डावीकडे!" आणि थोरले ओटा सरकवत. लहानपणी पतंग उडवताना जसे एक जण ओरडायचा आणि दुसरा धावायचा, तसेच सगळे चालले होते. कित्येक वर्षांत ते दोघे सलग दोन दिवस एका कामावर नव्हते. हे दोघांच्याही लक्षात आले.

पहिली ऑर्डर दाताच्या डॉक्टरांनीच दिली. ते नव्या दातासह आले. "पडलो खरा, पण स्वयंपाकघर मनातून जाईना," ते म्हणाले. या वेळी त्यांनी झापडे घातली, बराच वेळ विचार केला, आणि थंड पाण्यात पाय घालावा तसे हळूच कोपर पुढे केले.

"लागतंय!" डॉक्टर ओरडले. "अहो, हाताला लागतंय!"

त्यांनी दोन्ही कोपरे टेकली. मग तळहात फिरवला, मग कडेला पोट टेकून पाहिले. बायकोला बोलावून तिचाही हात तिथे ठेवला. ऑर्डर त्याच तासाला झाली.

आणि मग झापडे जी चालली म्हणता! डॉक्टरांनी पाच जणांना सांगितले, त्या पाच जणांनी आणखी पंधरांना. लोक येत, डोळे झाकून घेत, हात पुढे करत आणि "लागतंय!" असे ओरडत. सातव्या आठवड्यापर्यंत एकूण चार ऑर्डरी झाल्या, नवव्यापर्यंत सात. धाकट्याने पुढच्या काचेवर 'भविष्यातले स्वयंपाकघर' असे लिहून घेतले. थोरले मागे बसून हाताला लागणाऱ्या ओट्याची कड घासत असत.

"एवढी गुळगुळीत कशाला करताय?" वहिनींना ते पाहवेना. "खडबडीत ठेवा जरा. निदान एखादी ऑर्डर तरी अडेल."

थोरल्यांनी खरोखर एकदा तसे केलेही. संध्याकाळी त्यांनी एक कोपरा मुद्दाम तसाच धारदार सोडला आणि घरी गेले. सकाळी दुकान उघडण्याआधीच ते तिथे पोचले, आणि धाकटा आला तेव्हा तो कोपरा बाळाच्या टाचेसारखा गोल झालेला होता. लोक डोळे झाकून पोट टेकतात, टोचेल कोणाला तरी, एवढेच त्यांनी सांगितले.

शिवाय थोरल्यांची आणखी एक खोड होती, आणि पुढचे सगळे तिच्यापायी घडले. ओटा कोपराखाली चार बोटे असावा, असा वडिलांचा नियम होता. ज्याचे कोपर, त्याची चार बोटे. चष्म्यातला ओटा मात्र सगळ्यांना एकाच उंचीचा, कारण फॅक्टरीला माणूस एकाच उंचीचा ठाऊक होता. थोरल्यांना हे सहन होत नसे. गिऱ्हाईक दारातून आत आले की ते फटीतून त्याचे कोपर नजरेने मोजत. धाकटा झापडांचे पट्टे बांधण्यात गुंतला की हळूच पुढे जाऊन लाकडी ओट्याच्या पायांखाली पाचर सरकवत किंवा काढून घेत. फरक पडला तर दोन सुतांचा, फार तर तीन. हात आणि डोळे यांच्यात एवढे तेवढे चालून जाते. कोणी काही म्हटले नाही. फक्त टेकल्यावर सगळ्यांचे खांदे खाली येत आणि ते म्हणत, "वा, किती बरं वाटतं!" धाकट्याला वाटे, ही झापडांची कमाल.

अकराव्या आठवड्यापर्यंत नऊ ऑर्डरी झाल्या होत्या, आणि हेडबाई आल्या.

एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. उंची पाचवीतल्या मुलीएवढी, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. थोरल्यांनी फटीतून त्यांचे कोपर पाहिले आणि नजरेने पुन्हा एकदा मोजले. तीन सुतांचे काम नव्हते हे. नियमाप्रमाणे हेडबाईंचा ओटा चष्म्यातल्यापेक्षा चांगला तीन इंच खाली यायला हवा होता. तेवढे करू नये, हे थोरल्यांना कळत होते. धाकटा पट्टे बांधत होता. थोरले गुडघ्यांवर बसले, सगळ्या पाचरी काढल्या, पायांखालचे चौकोनी ठोकळेही काढले, आणि उठून भिंतीला लागून उभे राहिले.

हेडबाईंनी ओट्यावर हात ठेवला. मग हात उचलला आणि पुन्हा ठेवला.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "माझा हात दगडात बुडालाय."

"असं होणार नाही, बाई," धाकटा म्हणाला.

"झालंय. डोळ्यांना ओटा इथे दिसतोय, हाताला तिथे लागतोय. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. कोण?"

चाळीस वर्षे वर्गावर उभी राहिलेली बाई विचारत होती. थोरल्यांचे केस पांढरे झाले होते, तरी त्यांचा हात आपोआप वर गेला.

"डोळे, बाई," ते म्हणाले. "ओटा मी खाली घेतला. पाचरी काढून."

"दादा!" धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दहावी ऑर्डर होती! तू माझ्या धंद्यात पाचर मारलीस!"

"मारली नाही रे. काढली."

"गप्प बसा दोघेही," हेडबाई म्हणाल्या. त्यांनी झापडे काढून धाकट्याच्या हातात दिली आणि समोरचा साधा, न रंगवलेला लाकडी ओटा पाहिला. त्यावर दोन्ही तळहात ठेवले. "आयुष्यभर मी पाटावर उभी राहून भाजी चिरली," त्या म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "दुसऱ्याच्या उंचीच्या ओट्यावर. खांदे दुखून दुखून वाटायचं, माझंच चुकतंय. हाच द्या मला. हा हाताला लागतोय तो."

"बाई, हा तर नुसता आधाराला ठेवलाय," धाकटा म्हणाला.

"मग मला आधार द्या. ऑर्डर लिहून घ्या."

धाकट्याने लिहून घेतली. ती दहावी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यांनी मागच्या भिंतीवरून रंधे उतरवले. पटाश्या पुसून तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या, काटकोन तपासायचा गुण्या खोक्यात ठेवला. शब्द दिला होता. हेडबाई झापडे घालायला आल्या होत्या, ऑर्डर देऊन गेल्या होत्या, म्हणजे ती झापडांचीच ऑर्डर. यात कुठे पळवाट नव्हती, आणि असती तरी ती शोधायची नाही असे त्यांनी पहाटेच ठरवले होते. रिकाम्या भिंतीवर हत्यारांच्या आकाराच्या पांढऱ्या जागा उमटल्या होत्या. त्या पाहून त्यांना रडू आले, आणि जवळ कोणी नसल्यामुळे त्यांनी ते येऊ दिले.

तेवढ्यात धाकटा आत आला. त्याच्या कानाला फोन होता आणि फोनमधून दाताच्या डॉक्टरांचा आवाज थोरल्यांपर्यंत पोचत होता.

"फॅक्टरीतून आलाय तो ओटा हा नव्हेच!"

"डॉक्टर, चष्म्यात दाखवला अगदी तसाच आहे. तोच दगड, तेच सहा ड्रॉवर."

"दिसायला तोच आहे हो! चित्राला कोण टेकतंय? तुमच्या दुकानात हाताला लागला होता त्याची कड गोल होती, ह्याची टोचते. हा उंचही आहे. माझं कोपर फसायचं नाही. एकदा फसलंय ते."

धाकट्याने फोन ठेवला तो लगेच पुन्हा वाजला. दुपारपर्यंत चार जणांचे झाले. सगळ्यांचे म्हणणे एकच होते, की डोळ्यांनी पाहिला तो ओटा मिळाला, पण हाताने पाहिला तो कुठे आहे? धाकटा बाकासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, हत्यारं परत लाव."

"का?"

"सगळ्यांना झापडांखालचा ओटा पाहिजे. तू केलेला."

"दहा झाल्या," थोरले म्हणाले. "तू म्हणालास चालेल, आणि चाललं. जागा रिकामी करतोय मी."

"अरे, मी सोडतोय ना तुला शब्दातून!"

"तू कोण सोडणारा? वडिलांची सही आहे त्यावर."

आजवर जो बाक हलवायला टपला होता, तोच आता हात जोडून राहू दे म्हणत होता. आणि ज्याचा जीव त्या बाकात होता, तो खोक्याला दोरी बांधत होता. वहिनी चहा घेऊन आल्या. उरलेल्या दोन कपांत त्यांनी दोघा भावांना चहा दिला आणि कपाळाला हात लावून स्टुलावर बसल्या.

"बरं," धाकटा शेवटी म्हणाला. "जाण्याआधी एकदा तरी झापडं घालून बघ. तीन महिन्यांत तू एकदाही घातली नाहीस."

ते खरे होते. थोरले हात पुसत पुढे दुकानात आले. धाकट्याने त्यांना मधोमध उभे केले, डोक्यामागे पट्टा बांधला.

थोरल्यांना दिवे दिसले. पांढऱ्या भिंती दिसल्या, उंच छत दिसले. हाच तो अनुभव कक्ष असणार. मग ते डावीकडे वळले आणि थांबले. समोर बाक होता. आठ फुटी, वडिलांचा. पुढच्या पायावरचा सरसाचा ओघळ होता तिथेच होता. डाव्या टोकाची खोलगट जागासुद्धा होती.

"हे कधी केलंस?"

"पहिल्याच आठवड्यात," धाकट्याचा आवाज कुठून तरी मागून आला. "आधी दुकान आहे तसं चित्रात घेतलं होतं, बाकासकट. मग कक्षासाठी बाक काढायचा होता. नुसतं एक बटण दाबायचं होतं, दादा. दाबवेना. म्हटलं, पुढे भिंतीशी सरकवून ठेवू. चित्रात राहिला तर कोणाची जागा अडते?"

त्यांना काही महत्त्वाचे बोलायचे होते. महत्त्वाचे बोलायचे असले की ते नेहमी जे करत, तेच त्यांनी केले. डावा तळहात त्या खोलगट जागेत ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

त्या जागी झापडांखाली कोणी काही ठेवले नव्हते.

"दादा!" धाकटा धावला. वहिनी धावल्या. "लागलं का? दादा, लागलं का कुठे?"

थोरले जमिनीवर आडवे होते. झापडे सरकून एका कानावर आली होती. ते छताकडे पाहत म्हणाले, "तेच तर. हाताला काहीच लागलं नाही."

मग ते उठून बसले. नेहमीच्या नजरेने त्यांनी त्या रिकाम्या जागेची उंची पाहिली. "आणि दोन सूत उंच धरलायस."

"असेल. चुकलं माझं."

"ह्या जागी बाक दिसतोय ना लोकांना?"

"कक्ष दाखवला की दिसतो."

"मग खाली बाक पाहिजे. नाहीतर माणसं पडतील." त्यांनी कोपर चोळले. "मागची जागा मी तुला रिकामी करून दिली. शब्द पुरा झाला. आता हा पुढे आणायचा."

"इथे? काचेच्या मागे? दादा, भुसा उडेल सगळीकडे."

"चालेल," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी चार माणसे लावून बाक पुढे आणला. धाकटा झापडे घालून ओरडत होता, "डावीकडे! अजून थोडा!" आणि थोरले सांगतील तसे लोक बाक सरकवत होते. जागा बरोबर आली, तेव्हा थोरले गुडघ्यांवर बसले. चित्र दुरुस्त करायला सांगता आले असते. पण त्यांनी खिशातून पाचरी काढल्या आणि बाकाच्या चारही पायांखाली दोन सूत उंचीएवढ्या मारल्या. बाक आयुष्यात पहिल्यांदा पाचरींवर उभा राहिला.

"बघ आता," ते म्हणाले.

धाकट्याने हात पुढे केला. तो हात हवेत थोडा चाचपडला आणि खोलगट जागेत जाऊन बसला. तिथे त्याने याआधी कधी हात ठेवला नव्हता. ती जागा वडिलांची होती, मग दादाची. झापडांमुळे त्याचे डोळे कोणाला दिसत नव्हते.

"लागलं का?" थोरल्यांनी विचारले.

"लागलं," धाकटा म्हणाला.